हमीद निघाला

सीवा, ५ नोव्हेंबर १९९१

प्रिय जिब्रीलदादास,

सलाम. अल्लाह तुझ्या घरात बरकत ठेवो, वहिनींचे गुडघे शांत ठेवो आणि तुझ्या दुकानातल्या खजुरांना कीड न लागो. त्यातले निम्मे खजूर आमच्याच बागेतले आहेत, म्हणजे ही दुआ थोडी स्वार्थाचीही आहे.

हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे, अवादकडे देतोय, पण डिंकाने घट्ट चिकटवून. अवादला वाचता येतं, आणि त्याला वाचता आलेलं गावाला ऐकू येतं.

गोष्ट लाजेची आहे. पण तू माझा मावसभाऊ, चार वर्षांनी मोठा, आणि आपण एकाच झऱ्यात नागडे पोहलोय. तुझ्यापुढे कसली लाज? दादा, माझं पाणी बिघडलंय. शेतातलं नव्हे, अंगातलं. लघवीला उभा राहतो तर येत नाही. आली तर धार कसली, म्हाताऱ्या शेळीच्या आचळातून निघावं तसं. संपली म्हणून बाहेर पडावं तर पायजम्यात थेंब. आता तूच सांग, वजू करून नमाजाला उभं राहायचं, आणि तो थेंब पडला की वजू मोडली. परत हात-पाय धुवा, परत उभे राहा. हल्ली मी मशिदीत शेवटच्या रांगेत, दाराजवळ उभा राहतो. लोक म्हणतात, सनूसी म्हातारपणी नम्र झाला. नम्र कसला, घाईचा झालाय.

मला न कळणारी गोष्ट अशी, की आत अडलंय म्हणावं तर सारखं लागतं कसं? आणि सारखं लागतंय म्हणावं तर येत का नाही? पाट एक तर तुंबतो नाही तर वाहतो. दोन्ही एकदम करणारा पाट मी आयुष्यात पाहिला नाही, आणि आयुष्य माझं पाटातच गेलं.

म्हणून बसने वाळवंट ओलांडून मत्रूहला, मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरकडे गेलो. पोरगेलासा आहे, चष्मेवाला. त्याने पोटावर थंडगार लगदा फासून पेटीत चित्र बघितलं. मग हातात रबरी मोजा चढवून आणखी एक तपासणी केली, ती मी लिहिणार नाही. तुझी झाली असेल तर तुला कळेल, झाली नसेल तर देव तुला वाचवो. म्हणाला, पुरुषांना मूत्राशयाच्या खाली एक ग्रंथी असते, ती वाढलीय. पस्तीस ग्रॅम. मी म्हटलं, पस्तीस ग्रॅम म्हणजे मूठभर जिरं, त्याने एवढा दंगा? तो हसला. आणि मग त्याने तो शब्द काढला. हमीद.

त्यापुढचं मला ऐकू आलं नाही. ऑपरेशन, नळी असं काही बोलत होता. मी मान हलवली, चपला घातल्या आणि निघालो.

नफीसाला सांगितलेलं नाही. तिचा भाऊ गेल्यापासून दवाखाना म्हटलं तरी बायकोचं जेवण सुटतं.

तुझी ऊठबस शहाण्या माणसांत. तेव्हा एकच विचारतो. पूर्वेच्या तुकड्यात जैतूनची रोपं लावायची ठरवली होती. जैतूनला फळ धरायला किती वर्षं जातात ते तुला माहीत आहे. लावू की नको?

तुझा,
सनूसी

*

अलेक्झांड्रिया, १७ नोव्हेंबर १९९१

सनूसी, माझ्या भोळ्या भावा,

तुझं पत्र दुकानात गिऱ्हाईक असताना उघडलं आणि इतक्या मोठ्याने हसलो की गिऱ्हाईक बिचारं आपला पायजमा तपासायला लागलं. सुरुवात केलीस शेळीने आणि शेवट केलास जनाज्याच्या सुरात! अरे, हमीद निघाला म्हणतोस आणि वर रडतोस?

हमीदएवढा गरीब दुसरा कोण! कुणाच्या वाटेला जात नाही, कुणाचं घर फोडत नाही, आपल्या जागी बसून असतो. फार तर येता-जाता थोडी अडचण करील. त्याचं काय भय? माझ्याकडेही तोच आहे. गेल्या वर्षी तपासणी झाली (हो, ती रबरी मोज्याचीसुद्धा. मी छताकडे बघत माझ्या सगळ्या आत्यांची नावं आठवली). माझी नव्वद ग्रॅम भरली. नव्वद! तुझ्या अडीचपट. आणि मी मोकळा होतो तो उंटासारखा, शेजारी खिडक्या लावून घेतात. सकाळी माझी आणि हमीदची गाठ पडते, दोघांचं छान जमतं.

तुझी पस्तीस ग्रॅमची आणि तुला एवढा त्रास, हे मात्र मला नीटसं कळलं नाही. लहान गोळा आणि मोठी बोंब. मला वाटतं सवयीचा दोष असेल, नाही तर थंडीचा. तुम्ही सीवाची माणसं चहा पिता की चहात पोहता? चहा कमी कर. पोट शेकत जा. आणि तो पोरगेला डॉक्टर ऑपरेशन म्हणाला असेल तर घाई नको. मुलं नवी कात्री मिळाली की सगळंच कापायला बघतात.

जैतून लाव की! विचारतोस काय? कुदळ मात्र दुसऱ्याच्या हाती दे, कमरेवर जोर नको.

आणि नफीसापासून लपवतोस कशाला? तिला सांग हमीद निघाला म्हणून. तिलाही आनंद होईल. अवादच्या हातून बसबूसाचा डबा पाठवतोय. ही बातमी तोंड गोड करण्यासारखीच आहे. अर्धा तरी पोहोचेल अशी आशा करू.

मी उद्या दमनहूरला मुलीकडे चाललोय. तिचे दिवस भरत आलेत आणि तिची सासू माणसाला उपाशी मारणारी आहे. परत कधी येईन सांगता येत नाही.

तुझा दादा,
जिब्रील

*

सीवा, १ डिसेंबर १९९१

दादा,

डबा मिळाला. अर्धा.

पत्र मी बागेत बसून वाचलं, मग घडी घालून ठेवलं, मग परत वाचलं. अक्षर तुझंच आहे. मजकूर तुझा वाटत नाही.

हमीद गरीब होता हे मला तू सांगायला नको. माझा मेहुणा होता तो. कुणाच्या वाटेला गेला नाही, कुणाचं घर फोडलं नाही, खरं आहे. म्हणून त्याच्या दुखण्याची भीती वाटू नये? त्याच ग्रंथीत त्याला ते वाईट दुखणं झालं. मत्रूहच्या वाऱ्या मी त्याच्याबरोबर केल्या. शेवटी त्याला गाढवावर बसवताना तो लहान मुलासारखा हलका लागायचा. हे सगळं ज्याने पाहिलं त्याला डॉक्टर सांगतो, तुझी वाढ हमीदची. डॉक्टरने मला ओळखलं असणार, मीच तर त्याच्याबरोबर असायचो. म्हणून त्याने रोगाचं भलंमोठं नाव घेण्याऐवजी माणसाचं नाव घेतलं, मला लगेच कळावं म्हणून. आणि कळलंही.

त्यावर तू लिहितोस, तोंड गोड कर. त्यावर लिहितोस, नफीसाला सांग, आनंद होईल! भावाला जे झालं ते नवऱ्यालाही झालं हे ऐकून कोणती बाई आनंदेल रे? ती डबा उघडून विचारत होती, ‘हे कशाबद्दल?’ मी म्हटलं, ‘जिब्रीलला नातू होणार.’ ती म्हणाली, ‘झाला नाही तोवर मिठाई? नजर लागेल पोराला.’ आणि डबा उचलून फळीवर ठेवला. आता त्याला मुंग्या लागल्यात.

पण मला खरा धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. तू लिहितोस, ‘माझ्याकडेही तोच आहे.’ म्हणजे तुलाही? नव्वद ग्रॅम? आणि गेल्या वर्षापासून? दादा, हे तू मला असं हसत सांगतोस? तुझं धैर्य मोठं म्हणावं की तुझं डोकं फिरलंय म्हणावं, मला ठरवता येत नाही. माझ्याने हसवत नाही. मी साधा माणूस.

चहा सोडला. पाणीही जवळजवळ सोडलंय, म्हणजे त्रास तरी कमी. रोपं लावली नाहीत. कुणासाठी लावायची?

आता मी पत्र लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. आपण दोघंही त्याच वाटेवर आहोत, तर वाटेत बडबड कशाला?

सनूसी

*

मत्रूह, २६ डिसेंबर १९९१

जिब्रीलभाऊजींना नफीसाचा सलाम,

हे पत्र मी इथल्या एका नर्सबाईंना सांगून लिहून घेतेय. त्या फार घाईत आहेत, म्हणून पाल्हाळ लावत नाही.

ह्यांना दवाखान्यात आणलंय. बरेच दिवस काय चाललं होतं मला कळत नव्हतं. चहा नाही, पाणी नाही, बोलणं नाही. मग सर्दी झाली. बस थांबते तिथल्या दुकानातून नाक मोकळं करायची गोळी आणून खाल्ली. नाक मोकळं झालं आणि खालचं बंद झालं. अगदी बंद, भाऊजी. एक थेंब नाही. पोट कलिंगडासारखं टम्म. हा माणूस कधी आई म्हणून ओरडला नाही तो भिंतीला डोकं घासत होता. अवादने बस रिकामी घेतली आणि मत्रूहपर्यंत कुठे थांबला नाही. त्याला मी पूर्वी जे जे बोलले ते सगळं मागे घेतलं.

इथे नळी घातली, पिशवी लावली. आता शांत आहेत. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करा, नाही तर पाणी उलटं चढून मूत्रपिंडं जातील. हे म्हणतात, घरी चला. ‘कशाला कापाकापी? त्याने काय होणार आहे?’ एवढंच, आणि भिंतीकडे तोंड. डॉक्टर समोर आले की कानावर उशी घेतात.

माझ्याशी तर बोलतच नाहीत. बघतात मात्र अशा नजरेने की मलाच काही झालंय की काय असं वाटतं. तुम्हा दोघांत काही बिनसलंय का? त्या बसबूसाचं कोडं मला अजून उलगडलेलं नाही.

तुमचं ऐकतील. काहीतरी लिहा.

नफीसा

*

अलेक्झांड्रिया, ८ जानेवारी १९९२

सनूसी,

काल दमनहूरहून आलो. नातू झाला, धडधाकट आहे, सीवाच्या आजोबांवर गेलाय, सारखा ओलाच असतो. दाराखालून सरकवलेली दोन्ही पत्रं, तुझं आणि नफीसाचं, एकदमच मिळाली. तुझं आधी वाचलं. अरे माझ्या राजा, हे काय करून ठेवलंस? आणि मी तरी काय करून ठेवलं!

नीट ऐक. डॉक्टर मेहुण्याबद्दल बोलत नव्हता. त्याला तुझा मेहुणा आठवतही नसेल. गाठ कोणत्या जातीची हे सांगायला डॉक्टरांच्या अरबीत दोन शब्द आहेत. दुष्ट असेल, शरीरभर पसरून माणूस खाणारी असेल, तर ती ‘खबीस’. निरुपद्रवी असेल, जागच्या जागी राहणारी, तर ती ‘हमीद’. हमीद म्हणजे भली. आता अरबी भाषेचा खोडसाळपणा बघ, ‘वाढ हमीद’ म्हटलं की ‘भली वाढ’ असाही अर्थ होतो आणि ‘हमीदची वाढ’ असाही. आपण सीवाची माणसं. घरात आपली बोली, आणि अरबी म्हणजे खजूर विकण्यापुरती आणि नमाजापुरती. दवाखान्यातली अरबी आपल्या वाट्याला कधी आली? मी इथे तीस वर्षं राहून तो शब्द शिकलो, आणि तुला ठाऊकच असणार असं धरून चाललो. मी लिहीत होतो गाठीबद्दल, तू वाचत होतास मेहुण्याबद्दल. दोघांच्या तोंडी एकच नाव आणि गोष्टी दोन.

म्हणजे मी मरत नाहीये. तूही नाही. निदान ह्याने तरी नाही.

आज सकाळी डॉक्टर नसीमांकडे गेलो. ते आयुष्यभर हेच काम करून निवृत्त झाले, आपल्या दुकानातून जैतून नेतात. तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवली (शेळीची जागा गाळली). ते म्हणाले, ‘जिब्रील, चहा कमी करायचा सल्ला तू दिलास?’ मी म्हटलं, ‘हो.’ ते म्हणाले, ‘आणि ऑपरेशनची घाई नको, हेही तूच?’ मी म्हटलं, ‘हो.’ ते म्हणाले, ‘तू जैतूनच वीक.’ मग जैतून बांधायच्या कागदावर त्यांनी चित्र काढून दिलं. ते मला समजलं तसं तुला सांगतो.

आपल्या झऱ्याचं गोल कुंड डोळ्यांपुढे आण. ते मूत्राशय. कुंडाच्या बुडाशी पाट सुरू होतो, ती लघवीची नळी. आणि पाटाच्या तोंडाशीच, नळीला सगळीकडून वेढून, बोटात अंगठी असावी तशी ही ग्रंथी. तरुणपणी अक्रोडाएवढी. म्हातारपणी बहुतेकांची वाढते. पण किती वाढली हा प्रश्नच नव्हे, कुठे वाढली हा प्रश्न. माझी फुगली ती बाजूबाजूला, बाहेरच्या अंगाने. जाडा माणूस दाराबाहेर ओट्यावर बसलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट मोकळी. तुझी आहे लहान, पण वाढली नेमकी मधोमध, आणि वर कुंडात डोकं काढून पाटाच्या तोंडावर येऊन बसलीय. किडकिडीत माणूस, पण उंबऱ्यातच बसलेला! तू जोर करतोस तेव्हा तो आणखी घट्ट बसतो, बुचासारखा. म्हणून उभा राहिलास तरी येत नाही.

आणि तुझं ते कोडं, अडलंय तर सारखं का लागतं? कारण तुझं कुंड तळापर्यंत कधी रिकामंच होत नाही. वरचं वरचं सांडतं, खालचं तसंच राहतं. मग भरायला कितीसा वेळ लागणार? शिवाय कुंडाची भिंत दगडाची नाही, मांसाची आहे. बंद दाराला वर्षानुवर्षं धक्के मारून ती जाड झालीय आणि चिडखोर झालीय. ओंजळभर पाणी आलं तरी बोंब ठोकते. म्हणजे तुंबतो तोच पाट, आणि तुंबतो म्हणूनच सारखा ठिबकतो. तुझ्या नाकाच्या गोळीने नाकातल्या नसा आवळल्या, तसं त्या तोंडाशी असलेलं मांसही आवळलं. झालं, उरलीसुरली फट बुजली.

आता आपल्या हमीदचं. नसीम म्हणाले, ते वाईट दुखणं बहुतेक वेळा ग्रंथीच्या सालीत सुरू होतं, बाहेरच्या कडेला, नळीपासून लांब. म्हणून नळीला सुरुवातीला धक्काच लागत नाही. आठव, हमीदने लघवीची तक्रार कधी केली? तो पाठीची करायचा, मांडीच्या हाडाची करायचा. तुझी पाठ दुखते का? मोज्याच्या तपासणीत ती साल कडक, खडबडीत लागली तर त्यांना संशय येतो. तुझी मऊ आणि गुळगुळीत लागली, म्हणून तर तो पोरगा हसत होता. दोन्ही दुखणी एकाच माणसात असू शकतात, हे नसीमांनी लपवलं नाही. म्हणून ऑपरेशनमध्ये निघालेले तुकडे तपासायला पाठवतात. पण ‘भली’ म्हणजे हातावर हात ठेवून बसावं अशी नव्हे. बुजलेलं पाणी उलटं चढलं की मूत्रपिंडं जातात, आणि ती गेली की मग खरंच जैतून लावायला नको.

हो म्हण. कानावरची उशी काढ आणि हो म्हण.

जिब्रील

*

मत्रूह, १४ जानेवारी १९९२

दादा,

तुझं पत्र मिळालं. चित्रही मिळालं, त्याला मिठाच्या पाण्याचा वास येतोय. उंबऱ्यातला किडकिडीत माणूस पटला. कुंड पटलं. भिंतीचं तर इतकं पटलं की आत हात घालून बघितल्यासारखं वाटलं.

सगळं इतकं चपखल बसतंय, म्हणूनच मला भीती वाटते.

हमीदला आपण काय सांगितलं होतं? संधिवात. डॉक्टरने बाहेर व्हरांड्यात मला खरं सांगितलं, मी तुला कळवलं, आणि सगळ्यांनी मिळून हमीदला संधिवात सांगितला. आपल्यात असंच करतात, मरणाऱ्याला मरण सांगत नाहीत. तू त्याला सांधे चोळायचं तेल पाठवलंस, कसं चोळायचं ते चार पानं भरून लिहिलंस. तेही असंच चपखल होतं, दादा. तो वाचून म्हणाला, ‘जिब्रीलने इतकं लिहिलंय म्हणजे संधिवातच असणार.’ आता तुझं इतकंच लांब पत्र माझ्या हातात आहे.

शेजारच्या खाटेवर रहूमा नावाचा बेदुइन आहे, शंभर मेंढ्यांचा धनी. त्यालाही नळी. मी सहज विचारलं, ‘तुला काय सांगितलं डॉक्टरने?’

तो म्हणाला, ‘हमीद.’

मी म्हटलं, ‘तुझाही कोणी हमीद होता?’

‘माझा कशाला? तुझा?’

‘मेहुणा होता.’

‘मग त्याचं माझ्या लघवीशी काय काम?’

वॉर्डात हशा पिकला. मला थोडं हायसं वाटलं. पण मग त्याचे मुलगे आले, डॉक्टरशी दाराबाहेर कुजबुजले आणि आत येऊन फार गोड बोलायला लागले. आणि मला वाटलं, अरे, ह्यालाही फसवताहेत! आता मला कळेनासं झालंय. तुझं खरं मानलं तर मी जगतो, खोटं मानलं तर हमीदसारखा जातो, आणि दोन्हींत तू बोलशील तेच आणि तसंच. मग ओळखायचं कशावरून?

ऑपरेशनला हो म्हणालोय. विश्वास बसला म्हणून नव्हे. ही पिशवी हातात धरून नमाज होत नाही आणि रुसताही येत नाही. रुसून दोन पावलं जावं तर नळी ओढते.

सनूसी

*

अलेक्झांड्रिया, १९ जानेवारी १९९२

सनूसी,

तुझ्या पत्राला उत्तर शोधत दोन दिवस दुकानात चुकीचं वजन करतोय. तेल मीच पाठवलं होतं. तेव्हा तू म्हणतोस ते मला खोडता येत नाही. मी शपथ घेतली तर म्हणशील, तेव्हाही घेतली असती. घेतलीच असती.

म्हणून आता पटवायला बसत नाही. तुकड्यांचा निकाल आला की तो माझ्याकडून ऐकू नकोस. ज्या माणसाला तुझ्यापुढे खोटं वागता येत नाही त्याच्याकडून ऐक. असा माणूस कोण ते तूच ठरव. मी आमच्या गल्लीतल्या मशिदीत रोज तुझ्या नावाची दुआ मागतोय. इमाम म्हणाले, ‘आजार काय आहे?’ मी म्हटलं, ‘भाषेचा.’

जिब्रील

*

सीवा, २० फेब्रुवारी १९९२

प्रिय जिब्रीलदादास,

सलाम. नातवाला माझ्याकडून पापा. वहिनींना, गुडघ्यांना, सगळ्यांना सलाम.

ऑपरेशन झालं. पोट फाडलं नाही. नळीच्याच वाटेने आत जाऊन तापलेल्या तारेने त्या किडकिडीत माणसाला उंबऱ्यातून खरवडून काढला. काही दिवस लाल पाणी आलं, मग गुलाबी, मग आपलं नेहमीचं. नळी काढली तेव्हा सगळा वॉर्ड कान देऊन बसला होता. मी आत गेलो. पहिल्यांदा जळजळ झाली, थोडं इकडेतिकडेही झालं. पण धार, दादा! पत्र्यावर पडली तशी वाजली. बाहेरून रहूमा ओरडला, ‘अरे, कुणीतरी नळ बंद करा!’ डॉक्टर म्हणतो, ताणलेली भिंत निवायला वेळ लागेल, घाई अजून काही महिने लागेल. लागू दे. आता मी मशिदीत दुसऱ्या रांगेत असतो.

पण तुला सांगायचंय ते पुढचं.

तुकडे तपासायला गेले होते. निकाल घ्यायला आम्ही परत मत्रूहला गेलो, मी आणि नफीसा. बसमध्येच मी तिला सगळं सांगितलं. भाषेची गंमत, तुझं पत्र, बसबूसा, तिच्या भावाचं नाव, सगळं. ती खिडकीबाहेर वाळवंट बघत राहिली. मला वाटलं, संपलं, मी जाणार हे हिला कळून चुकलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी बाकावर बसलो आणि डॉक्टरला म्हटलं, ‘मला सांगू नकोस. हिला आत ने आणि हिला सांग.’ तो गोंधळला. म्हणाला, ‘आजोबा, लोक उलटं करतात. बायकोला बाहेर बसवतात.’ मी म्हटलं, ‘तेच लोक फसतात.’

दार बंद झालं. दादा, त्या बाकावर मी किती वेळ बसलो कोण जाणे. मी ठरवलं होतं, ती बाहेर येऊन गोड बोलली की समजायचं. ‘चला, घरी जाऊन तुमच्या आवडीचं करते’ असं म्हणाली की समजायचं. हमीदशी आम्ही सगळे असेच बोलायचो. शेवटच्या वर्षात त्या माणसाला कुणी एक वाकडा शब्द बोललं नव्हतं.

दार उघडलं. ती कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. डोळे लाल. आणि सुरू झाली.

‘गाढव पुतण्याला देऊन टाकलंत! मला विचारलं? जाताना म्हणे निरोपाची भेट! आता बागेत काय तुम्हाला जुंपू? आणि गादीखाली ते पांढरं कापड कुणाचं? मी काय आंधळी आहे? कफन घेऊन ठेवता आणि त्यावर मला झोपवता! पाणी पिणं सोडलं, बोलणं सोडलं, मी म्हटलं ह्यांचं दुसरीकडे कुठे लग्न ठरलंय की काय! एवढा घोडा माणूस, एक शब्द कळला नाही तर विचारता येत नाही? तोंड काय फक्त चहा प्यायला दिलंय देवाने? ते कापड मी फाडणार आणि त्याचे उशांचे अभ्रे शिवणार, आणि मरेपर्यंत त्याच उशीवर डोकं ठेवायचं, सांगून ठेवते!’

व्हरांड्यातली माणसं बघत होती. डॉक्टर कागद हातात घेऊन मागे उभा होता, त्याला काही बोलायचं होतं. मी त्याला हाताने गप्प केलं. म्हटलं, ‘थांब बाबा, मला नीट ऐकू दे.’

आणि मी बाकावर बसून रडलो. ती म्हणाली, ‘रडता काय, गाढव परत आणा.’

ते कालच आणलं, पुतण्या रुसलाय. नफीसा अजून थांबलेली नाही. आताही आतून आवाज येतोय, दिव्यात तेल नाही आणि माणूस पत्रं लिहीत बसलाय. उठतो आता, ऐकून येतो.

तुझा,
सनूसी